पहिल्या बर्फचढाईला काय घालू?

ताई,
पुढच्या महिन्यात मी मैत्रिणींबरोबर दोन दिवस आइस क्लाइंबिंगला जातेय, आयुष्यात पहिल्यांदाच. प्रशिक्षक बरोबर आहेत. बूट, त्यांना खालून बांधायचे दातेरी क्रॅम्पॉन, हेल्मेट, दोर अडकवायचा कमरेचा हार्नेस आणि आइस अ‍ॅक्स तिथेच भाड्याने मिळणार आहेत. पण कपड्यांची यादी हातात आली आणि माझा धीरच सुटला. बेस लेअर, मिड लेअर, सॉफ्टशेल, हार्डशेल, बिले पार्का... हे सगळं घ्यायचं तर सहलीपेक्षा कपडेच महाग पडतील, आणि हा प्रकार मला पुन्हा करावासा वाटेल की नाही हेही अजून ठाऊक नाही. माझ्याकडे पळायला जाताना घालते ते टी-शर्ट आणि टाइट्स आहेत, एक जुनं फ्लीस, लोकरीचा स्वेटर, साधा रेनकोट, ट्रॅकपँट आणि जीन्स आहे. यातलं काय चालेल? थोडे पैसे बाजूला काढलेत, ते कशावर घालू? मला थंडी फार वाजते, बोटं तर लगेच बधिर होतात. आणि मला चष्मा आहे.
– पहिल्यांदाच निघालेली

जीन्स घरी ठेव. बाकी पत्रात लिहिलेला एकूण एक कपडा बॅगेत भर, आणि बाजूला काढलेले पैसे मुख्यतः दोनच गोष्टींसाठी राखून ठेव: हातमोजे आणि एक मोठं, जाड जॅकेट. जॅकेट कुणाकडून उसनं मिळालं तर फारच छान. असं का म्हणते ते जरा सविस्तर सांगते, म्हणजे यादीतलं काय धरायचं आणि काय सोडायचं हे तुझं तुलाही ठरवता येईल.

अशा याद्या चढणाऱ्या माणसाचा विचार करून लिहिलेल्या असतात. पहिल्या दिवशी तू प्रत्यक्ष चढशील थोडाच वेळ. एका दोरावर तीन-चार जणी असल्या, तर पंधरा-वीस मिनिटं तुझी पाळी, मग बाकीच्यांच्या चढाया, त्यातल्या एखादीला तू बिले देणार, म्हणजे खाली उभी राहून तिचा दोर सांभाळणार. म्हणजे दिवसाचा मोठा भाग बर्फात एका जागी उभं राहण्यात जातो. चढताना अंग इतकं तापतं की शून्याखाली दहा अंश तापमानातही पाठ घामाने ओली होते. नवशिक्याची तर जास्तच, कारण सवय नसल्यामुळे प्रत्येक घाव गरजेपेक्षा जोरात घातला जातो आणि अ‍ॅक्स गच्च धरली जाते. मग तू खाली उतरतेस. हालचाल थांबते, अंगावर तोच ओला कपडा, आणि ऊन बहुधा नाहीच. ज्यांवर चढायचं ते गोठलेले धबधबे टिकतात तेच मुळी सावलीत. खरी थंडी वाजते ती इथे, पायथ्याशी. म्हणून कपडे निवडताना स्वतःला दोनच प्रश्न विचार. चढताना मी कमीत कमी कशी भिजेन? आणि उभी असताना अंगावर पटकन काय चढवेन?

पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. ऊबदार कपडा आपल्याला ऊब देतो तो धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की कपडा कितीही जाड असो, तो अंगातली ऊब बाहेर काढायला लागतो. सुती कपडा इथे घात करतो. तो पाणी भरपूर पितो आणि सोडत नाही, आणि जीन्स तर भिजली की कडक होते, जड होते, गुडघा वर उचलू देत नाही. पॉलिस्टरचा धागा स्वतः जवळजवळ काहीच पाणी शोषत नाही, वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही, त्यामुळे तुझे पळायचे टी-शर्ट आतला थर म्हणून उत्तम आहेत. लोकरीचं वेगळंच आहे. ती आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के बाष्प धाग्याच्या पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, पण पूर्ण भिजली तर वाळायला फार वेळ लावते.

थर्मल विकत घ्यायचा विचार असेल तर आतलं लेबल वाचल्याशिवाय घेऊ नकोस. ‘थर्मल’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त कपड्यांत अनेकदा निम्म्याहून जास्त सूत असतं. हाताला मऊ लागतात, घरात झोपायला छान, पण घामाच्या कामाला चुकीचे. तुझ्याकडचा पूर्ण बाह्यांचा एखादा पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि त्याखाली अर्ध्या बाह्यांचा दुसरा, एवढ्यात भागतं. आणि एक गोष्ट बायकांनासुद्धा कुणी सांगत नाही: ब्रा आणि निकरसुद्धा सुती नको. बाकी सगळं नीट निवडून छातीपाशी एक ओला सुती पट्टा दिवसभर घट्ट बसून राहतो, आणि कितीही थर चढवले तरी तिथून थंडी जात नाही. पळायला घालतेस ती सिंथेटिक स्पोर्ट्‌स ब्रा घाल.

एक टी-शर्ट जास्तीचा घे, पिशवीत गुंडाळून कोरडा ठेव. पायथ्यापर्यंत बोजा घेऊन चालत जाताना घाम येणारच. तिथे पोहोचल्याबरोबर, अंग गरम असतानाच, ओला टी-शर्ट काढून कोरडा घाल. ते अर्धं मिनिट नको वाटतं, पण पुढचे कित्येक तास सुखात जातात. महागड्या थर्मलने जे साधत नाही ते या बदलाने साधतं, आणि त्याला काही खर्च नाही. चालायला सुरुवात करतानाही किंचित गारठलेलीच निघ. निघताना ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत भिजशील.

मधल्या थराला तुझं जुनं फ्लीस पुरेसं आहे. फार जाड असलं तर चढताना नको होतं. पातळ फ्लीस चढाईला जास्त उपयोगी, आणि अशी पातळ फ्लीस जुन्या कपड्यांत सहज सापडतात. गोळे आलेलं, रंग उडालेलं फ्लीससुद्धा तितकंच चालतं. लोकरीचा स्वेटर मात्र हार्नेसखाली घालू नकोस. कमरेशी त्याची वळकटी होते आणि हार्नेसचा पट्टा नीट बसत नाही. तो बॅगेत राहू दे, विश्रांतीच्या वेळी कामाला येईल.

थरांची ही पद्धत हल्लीच्या कंपन्यांनी काढलेली नाही. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेले ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर होते आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं गॅबर्डिनचं जॅकेट. १९९९ मध्ये त्यांचा देह तिथेच सापडला. कपड्यांच्या अवशेषांवरून पुढे हुबेहूब प्रती बनवल्या गेल्या आणि २००६ साली एव्हरेस्टवर घालूनही पाहिल्या गेल्या. हालचाल चालू असताना ते कपडे हलके आणि सोयीचे वाटले. रात्र उघड्यावर काढावी लागली असती तर ते पुरले नसते. चढणं आणि थांबणं या दोन वेगळ्या गरजा आहेत, त्या तेव्हाही होत्या.

बाहेरच्या थरावर, म्हणजे त्या महागड्या हार्डशेलवर, पहिल्या वेळी काही खर्च करू नकोस. तुझा रेनकोट चालेल. आतला घाम त्यातून बाहेर जात नाही हे खरं, पण चेन गळ्यापासून अर्धी उघडी ठेवता येते आणि पाणी टपकत नसेल तिथे तो काढूनही ठेवता येतो. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा असतो, तेव्हा वारा अडवणारं साधं विंडचीटर पुरतं. तापमान शून्याच्या आसपास असलं की मात्र धबधबा जिवंत होतो, वरून पाण्याची धार मानेत उतरते, तेव्हा रेनकोटच हवा. घरी एकदा रेनकोट घालून दोन्ही हात सरळ डोक्यावर ने. मनगटं उघडी पडली, कंबर वर सरकली किंवा काखेत आवळलं तर तो उपयोगाचा नाही, कारण दिवसभर हात तिथेच असणार आहेत. टोपीही हेल्मेटवर चढते का बघ.

खाली टाइट्स, त्यावर ट्रॅकपँट, आणि मिळाली तर रेनकोटाची पँट. पाय चढताना आपोआप गरम राहतात. इथे थंडीपेक्षा क्रॅम्पॉनची काळजी जास्त. बुटाच्या टोकाशी पुढे आलेले ते दात सैल पँटच्या घोळात सहज अडकतात, कापड फाटतं, आणि चालताना अडकले तर तोंडावर आपटायला होतं. म्हणून पोटरीपासून घोट्यापर्यंत पँट अंगालगत हवी. गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत बांधायची आवरणं, भाड्याने मिळत असतील तर घेच. नाहीतर रुंद इलॅस्टिकचा किंवा वेल्क्रोचा पट्टा घोट्याशी आणि पोटरीवर बांध. कुणाची तरी नवी, आवडती पँट उसनी आणू नकोस. पहिल्या दिवशी पँटला भोकं पडतातच.

आता जॅकेट. यादीतला ‘बिले पार्का’ म्हणजे टोपी असलेलं जाड, फुगीर जॅकेट. ते सगळ्या कपड्यांवरून, हार्नेसवरूनसुद्धा, घालायचं असतं. म्हणून ते तुझ्या मापाचं नको, एक-दोन मापं मोठं हवं. घरातल्या एखाद्या उंच माणसाचं हिवाळी जॅकेट यासाठी उत्तम, आणि ते दिसतं कसं याचा विचारही करू नकोस. आत पिसं असली तर वजनाच्या मानाने ऊब जास्त, पण पिसं भिजली की चिकटून गोळा होतात आणि ऊब संपते. सिंथेटिक भरण ओलं झालं तरी बरंच काम करतं, स्वस्तही असतं. टपकणाऱ्या धबधब्याखाली मी सिंथेटिकच निवडेन. शिवाय अ‍ॅक्सची आणि बर्फात फिरवून बसवायच्या स्क्रूची टोकं आसपास असताना पिसांच्या नाजूक जॅकेटला भोक पडायला वेळ लागत नाही.

जॅकेट हातात आलं की एक गोष्ट तपास. चेन खालूनही उघडते का? उघडत असेल तर जॅकेट अंगात असताना हार्नेसचा पुढचा लूप आणि बिले उपकरण मोकळं, डोळ्यांसमोर राहतं. उघडत नसेल तर जॅकेटचा घेर वर खोचून हार्नेस मोकळा ठेवावा लागेल. हे प्रशिक्षकांना दाखवून, त्यांच्यासमोर एकदा करून बघ. कपड्याची कड, नाडी, मोकळे केस किंवा मफलरचं टोक बिले उपकरणात ओढलं गेलं तर दोर अडकतो आणि वर चढणारी मैत्रीण अडचणीत येते. म्हणून मफलर आणूच नकोस. गळ्यासाठी नळीसारखा बफ घे, केस बांधून आत खोच.

आणि हे जॅकेट केव्हा घालायचं, तेही सांगून ठेवते: दोरावरून खाली उतरलीस, स्वतःला सोडवलंस, की लगेच. अजून गरम वाटतंय, थंडी वाजली की घालू, असं म्हणून थांबू नकोस. त्या वेळी अंगात असलेली ऊब कोंडून ठेवायची असते. गेलेली ऊब परत मिळवायला मग अर्धा तासही पुरत नाही.

तुझी बोटं लवकर बधिर होतात असं तू लिहिलंस, त्याचाही अर्धा उपाय या जॅकेटमध्ये आहे. धड गार पडायला लागलं की शरीर पोटातले, छातीतले अवयव जपायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. बोटांकडचं रक्त कमी होतं आणि मग हातमोजे कितीही जाड असले तरी आत ऊब येणार कुठून? हातमोजा ऊब तयार करत नाही, आलेली ऊब राखतो. ज्यांची बोटं गार पडतात त्यांनी आधी छाती, पोट आणि डोकं गरम ठेवायला हवं.

उरलेला अर्धा उपाय हातमोज्यांचा, आणि पैसे खर्च करायचे ते इथे. चढताना हात बराच वेळ हृदयाच्या वर असतात, मूठ आवळलेली असते, बोटांच्या मागच्या बाजू बर्फावर घासत असतात आणि मोजे भिजत असतात. सगळ्या गोष्टी रक्ताच्या विरोधात. मग हात खाली आले की रक्त एकदम परत येतं आणि बोटांत अशी कळ येते की डोळ्यांत पाणी येतं, कधी मळमळतंही. हे बर्फावर चढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी होतं. तुला झालं तर घाबरू नकोस. हात खाली सोडून झुलव, काही मिनिटांत कळ ओसरते. पण बोटाचं टोक पांढरं, मेणासारखं दिसायला लागलं आणि ऊब मिळूनही स्पर्श कळेना, तर ती हिमबाधेची सुरुवात असू शकते. तिथेच चढाई थांबवून प्रशिक्षकांना दाखव. बोट चोळू मात्र नकोस, काखेत धरून ऊब दे.

एकच भारी जोडी घेण्यापेक्षा तीन साध्या जोड्या घे, हे मी अगदी आग्रहाने सांगते. महागडी जोडी पहिल्या चढाईत भिजली की उरलेला दिवस तुझ्याकडे काहीच नाही. पहिली जोडी पातळ, पायथ्यापर्यंत चालताना आणि गाठी मारताना घालायची. तुझ्याकडे फ्लीसचे किंवा विणलेले लोकरीचे मोजे असतील तर तेच. दुसरी चढायची. यासाठी कारागिरांच्या आणि मच्छीमारांच्या वापरातले, बाहेरून रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा थर आणि आतून ऊबदार अस्तर असलेले जलरोधक कामाचे हातमोजे बघ. अनेक मुरलेले क्लाइंबर हौसेने हेच वापरतात, कारण ते पाणी अडवतात, अ‍ॅक्सच्या दांड्यावर पकड देतात आणि गिर्यारोहणाच्या मोज्यांच्या तुलनेत फार स्वस्त असतात. जमलं तर यांच्याच दोन जोड्या घे. तिसरी जोडी जाड मिटनची, म्हणजे चार बोटं एकत्र राहतात तसल्या मोज्यांची. विश्रांतीला त्यांच्याइतकं गरम दुसरं काही नाही. बिले देताना मात्र दोर पकडता येईल असेच, पाच बोटांचे मोजे हवेत.

माप घेताना मूठ आवळून बघ. मुठीत बोटांच्या टोकांवर किंवा सांध्यांवर ताण आला तर तो मोजा घट्ट आहे, आणि घट्ट मोजा रक्त अडवतो. थोडा सैल चालेल. जाड अस्तर तळव्यात गोळा होत असेल तर तेही नको, कारण अ‍ॅक्स धरायला जास्त जोर लागतो आणि हात लवकर थकतो. वापरात नसलेली जोडी जॅकेटच्या आत, छातीशी ठेव. बर्फावर ठेवलेला मोजा आतून गार होतो, आणि वारा असला तर उडूनही जातो. मनगटाला अडकवायची नाडी नसेल तर घरी शिवून घे.

पायांसाठी एकच जाड लोकरी किंवा लोकरमिश्रित मोजा. थंडी जास्त म्हणून दोन मोजे चढवले आणि बूट आवळला, की तीच रक्त अडण्याची गोष्ट पायात होते. बूट भाड्याने घेताना तोच मोजा घालून माप घे. बोटं हलली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. कोरड्या मोज्यांची एक जोडी बॅगेत राहू दे. डोक्याला पातळ, गोंडा नसलेली कानटोपी, जी हेल्मेटखाली सपाट बसते.

पैशाचा क्रम असा लाव. आधी चढायचे हातमोजे. मग मिटन, उसने मिळाले नाहीत तरच. मग पायांचे लोकरी मोजे. जॅकेटसाठी घरात आणि मैत्रिणींत आजपासून विचारायला लाग. नाहीच मिळालं तर प्रशिक्षकांना ते भाड्याने मिळेल का विचार. विकत घ्यायची वेळ आली तर वापरलेलं, सिंथेटिक, टोपी असलेलं बघ. एवढं झाल्यावर काही उरलं, तरी हार्डशेलकडे वळू नकोस. तुला हा खेळ आवडला तर दोन दिवस चढल्यावर नेमकं काय कमी पडलं ते कळेल, आणि ते दुकानात उभं राहून कळत नाही.

निघायच्या आठवडाभर आधी सगळं एकदा अंगावर चढव आणि जिन्यावरून वर-खाली कर. कुठे रुततं, कुठे कंबर उघडी पडते ते घरीच दिसेल. घाईची लागली तर हार्नेस न काढता किती थर खाली करता येतात, हेही तेव्हाच बघून ठेव. भाड्याच्या हार्नेसचे मांडीपट्टे मागून सुटतात का ते प्रशिक्षकांना विचार. पुष्कळ मुली याच अडचणीपायी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग जास्त गारठतात. तू तसं करू नकोस. पाणी पी, खात राहा. अन्नाशिवाय शरीर ऊब कशाची बनवणार?

आणि चष्मा. बफ नाकावर ओढलास की श्वासाची वाफ थेट काचांवर जाते, म्हणून चढताना तो हनुवटीखाली ठेव. उभी असताना वर घे, आणि नाकाच्या कडेने वाफ वर जाऊ नये अशा बेताने. पोहताना घालतात त्या गॉगलसाठी मिळणारा वाफरोधक द्रव काचांना लावून नेता येईल. चष्म्याच्या दांड्यांना मागून पट्टा लाव, कारण वर बघताना हेल्मेटची कड तो ढकलते. अ‍ॅक्सच्या घावाने बर्फाचे तुकडे चेहऱ्यावर उडतात, त्यामुळे मोठ्या काचांचा जुना चष्मा असेल तर तोच घालून जा आणि नेहमीचा डबीत घालून बॅगेत ठेव.
– ताई